गडव्यावरचं नाव

माझ्या घरी येणारे लोक आधी भिंतीकडे बघतात आणि मग माझ्याकडे दयेनं बघतात. भिंतीवर फुटक्या पराती, चेपलेली ताटं, जुन्या दारांच्या फळ्या. मी गुडीहत्नूरला चित्रकला शिकवते आणि लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंची चित्रं करते. हायवेच्या कडेचा भंगारवाला मला लांबून पाहूनच ओरडतो, "मॅडम, आज अच्छा माल है!" शेजारीण म्हणते, "बाकीच्या बाया भंगार देऊन भांडे घेतेत, तुमी पैसे देऊन भंगार घेता." तिचं काही खोटं नाही.

पितळेचं भांडं उभं चिरायचं, लाकडी मोगरीनं ठोकून सपाट करायचं, फळीवर खिळ्यांनी बसवायचं आणि उरलेल्या जागेत रंगांनी घर उभं करायचं, हे माझं काम. चूल, कोनाडा, दोरीवरचं लुगडं. यात एक गोष्ट मी कधी सोडत नाही, ती म्हणजे भांड्यांवरची नावं. लग्नात आहेर द्यायच्या भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीत. छिन्नीनं ठिपके पाडून लिहायचं, कोणाकडून, कोणाला. पंगतीत भांडी एकमेकांत मिसळली तरी ज्याचं त्याच्या घरी परत जावं म्हणून. ती नावं मी वाचता येतील अशी सरळ लावते. प्रदर्शनात वर भाषणही ठोकते की घर म्हणजे भिंती नव्हेत, घर म्हणजे ही नावं. लोक टाळ्या वाजवतात आणि मला बरं वाटतं.

इतक्या परक्या घरांची चित्रं झाली, तेव्हा एकदा म्हटलं, आता आपल्या आईचं घर करू. आमचं गाव बाजारहत्नूरकडचं. भावानं तिथे स्लॅबचं घर बांधलं तेव्हा जुनी भांडी अडगळीत गेली होती. मी फोन केला आणि भाऊ पोतं मोटरसायकलवर बांधून घेऊन आला. म्हणाला, "मायनं सोताच भरलं. मले हात बी लावू देल्ला नाई." मला हसू आलं. भांड्यांच्या बाबतीत आई पहिल्यापासून अशीच.

पोत्यात वडिलांच्या नावाचं ताट निघालं, आईच्या नावाचा तांब्या निघाला, काठ गेलेलं, परातीएवढं कोपर निघालं. सगळ्यात खाली जुन्या पातळात गुंडाळलेला एक पितळी गडवा होता. बुडाला भोक पडलेलं. पोटावर कोरलेलं होतं, 'मामाकडून चि. सौ. कां.' आणि पुढे एक नाव. ते नाव आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. चुलत्या, आत्या, चुलतबहिणी, कोणीच त्या नावाची नाही. म्हणजे कुठल्या तरी लग्नात अदलाबदल झालेली. आमचा गडवा कोणाकडे तरी गेला असेल आणि त्यांचा आमच्याकडे राहिला असेल. असं प्रत्येक घरात एखादं भांडं असतंच.

चित्रात मला चुलीवरच्या झरोक्यातून येणारा उजेड हवा होता. गडव्याचं पितळ त्याला अगदी फिट्ट. पण आईच्या स्वयंपाकघरात परक्या बाईचं नाव कशाला? मी कानस घेतली, नाव घासून काढलं, पॉलिश पेपर मारला आणि पत्रा आरशासारखा चमकवला. तो तुकडा फळीवर बसवला तेव्हा सगळं चित्र उजळलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधीच झालं नव्हतं.

डोळे दाखवायच्या निमित्तानं आई माझ्याकडे आली तेव्हा मी तिला चपलाही नीट काढू दिल्या नाहीत, हात धरून थेट चित्रासमोर उभं केलं. ती जवळ जाऊन एकेका भांड्यावरून बोट फिरवू लागली. ताटावरचं नाव वाचलं. तांब्यावरचं वाचलं. उजेडाच्या तुकड्यापाशी तिचं बोट थांबलं. तिथे ते परत परत फिरलं.

"हा गडवा होय ना?"

"हो. ओळखला की तू."

"याच्यावरचं नाव?"

"ते घासलं मी. आपलं नव्हतंच ते भांडं, कोण्या बाईचं होतं. लग्नात बदलून आलं असंल."

आईनं बोट खाली घेतलं. "कोन्या बाईचं नव्हतं," ती म्हणाली. "माहं होतं ते."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, तुझं नाव तर तांब्यावर आहे. ती म्हणाली, ते सासरचं. "तुही थोरली आत्या, तुमी व्हायच्या आंधीच गेली ती, तिचं अन् माहं एकच नाव. एका घरात एका नावाच्या दोघी कशा? लग्नात बदललं. मामानं गडवा आंधीच आनला होता किनवटच्या बाजारातून, नाव घालून. सासूबाई म्हने, हे भांडं पुढं आनू नको. म्हून गोठ्यात ठेवलं, धारा काढाले. म्हशी इकल्या, मंग माळ्यावर गेला."

मी तिथल्या स्टुलावर बसले. माझी चाळिशी उलटून गेलेली. वर्गात पोरांना 'माझी आई' काढायला सांगते. अनोळखी बायांची नावं भंगारातून उचलते, पुसते, भिंतीवर लावते. आणि माझ्या आईचं नाव मला ठाऊक नव्हतं! काखेत कळसा म्हणतात तो हाच. आजोळ आम्हाला कधी नव्हतंच. आईचे आईवडील ती लहान असतानाच गेले, मामानं वाढवलं, तेही आम्ही जन्मायच्या आधी गेले. माहेरची धाकटी माणसं तिला 'बाई' म्हणत. राशनकार्डावर, आधारवर, बँकेत, सगळीकडे सासरचं नाव. जगात फक्त एका गडव्यावर तिचं नाव होतं आणि ते मी घासून गुळगुळीत केलं होतं. मला धड रडूही येईना.

मग राग आला, आणि तो तिच्यावरच निघाला. "सांगितलं काऊन नाई कधी?"

"कोनं इचारलं नाई."

"मग पोत्यात कशाला टाकलंस?"

"टाकलं नाई. देल्लं," ती म्हणाली. "तू कोनाकोनाची नावं वाचत फिरतं. म्हनलं, माहं बी वाचशीन. वाचशीन, मंग इचारशीन, माय हे कोन?"

वाचलं होतं मी. विचारलं नव्हतं. मी उठून काहीतरी बडबडायला लागले. आजच्या आज भांड्यांच्या दुकानात जाते, त्यांच्याकडे मशीन आहे, तिथेच, त्याच जागी नाव घालून आणते.

"राहू दे. ते मशीनीचं होईन. माह्या मामाच्या हातचं नाई."

ती रागावली असती तर मला सोसलं असतं. ती रागावली नव्हती. लग्नात नाव गेलं तेव्हा जशी गप्प बसली असेल, तशीच आताही बसली होती, आणि ते मला बघवेना. मी तिच्यासाठी पाणी आणलं. ती प्याली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुह्या ध्यानात हाय का पन, काय होतं ते?"

"आहे."

"मंग मार हाक."

आईला कोणी नावानं हाक मारतं का? माझी जीभ उचलेना. ती म्हणाली, "तोंडासमोर नको. मी मांगं जातो, तू इथून मार." आणि खरंच ती उठून मागच्या अंगणात गेली. रांजणापाशी, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

मी हाक मारली. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. ती वळली नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. तरी ती तशीच. वाटलं, त्या नावाला ओ देणारं आत कोणी उरलंच नसेल तर? मग मी दारात गेले आणि शेतातून बोलवावं तशी, सगळा जीव गोळा करून ओरडले.

कुंपणाच्या पलीकडून शेजारणीनं डोकं वर काढलं. "कोनाले आवाज देऊन राह्यल्या मॅडम? कोन हाय या नावाची?"

आई वळली.

"मी हाय," ती म्हणाली.