जावईबापूंचा श्वास

माझ्या वडिलांना, आबांना, दिसेल त्या माणसाला गाव विचारायची खोड. गाव कळलं की आडनाव, आडनावावरून सोयरीक, आणि सोयरीक निघेपर्यंत समोरच्याची सुटका नाही. त्यापायी मेहरूणच्या आमच्या घरी गॅस सिलिंडरवालाही चहा घेतल्याशिवाय जात नाही. मला या प्रकाराचा भारी वैताग.

न्यूमोनियात फुफ्फुसाभोवती साचलेलं पाणी काढलं आणि आबांची ही खोड एकाएकी बंद पडली. बोललं की बरगडीत कळ यायची. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफीत बघू. फुफ्फुसाखालचा उजव्या बाजूचा पडदा श्वासाबरोबर हलत नसेल तर बहुतेक ऑपरेशन.

सोनोग्राफीला एक तरुण डॉक्टरीण होती. तिने बरगडीवर गार जेल लावलं. "आबा, श्वास घ्या."

आबांनी पोट आत ओढलं, खांदे वर घेतले आणि छाती तशीच धरून ठेवली. पोलीस भरतीचं माप द्यावं तशी.

"आता सोडा."

"दवाखानामा पडेल छाती दखाडू का?" आबा दातांतून बोलले. पडलेली छाती लोकांना दाखवणं त्यांना कमीपणाचं.

स्क्रीनवरची करडी रेघ, म्हणजे तो पडदा, ढिम्म. मी चिडले, ओरडले. तिकडे साफ दुर्लक्ष करून आबांनी डॉक्टरणीला विचारलं, "कोठली शे वं तू?"

"आबा, इथे तरी नको!"

पण तिने चाळीसगावजवळचं एक खेडं सांगितलं. आबांचे डोळे लकाकले. "मनी सासरवाडी!"

बरगडीवरचा हात न काढता ती म्हणाली, "मग जावईबापू, आधी श्वास सोडा. पाहुणचार नंतर."

आमच्याकडे गावची लेक केली की माणूस अख्ख्या गावाचा जावई, ऐंशीचा झाला तरी. पण आई गेल्यापासून आबांना या नावाने कुणी हाक मारली नव्हती. ते हसले. कळ आली, "आय वं!" म्हणून कण्हले, आणि पुन्हा हसले. पोट गदगदून हसले.

करडी रेघ खाली सरकली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"हलतोय पडदा," डॉक्टरीण म्हणाली. "छान हलतोय. आता त्यांना गप्प बसवू नका."

मला रडूच फुटलं. डोळे पुसत निघाले, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"तुमचं आडनाव काय?" मी तिला विचारलं.

मागून आबा ओरडले, "हाई तं मी इचारनार व्हतू!"