माणसं जमू दे

माझ्यासारख्याने लिहायला बसावे, याची आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. महाडला एका प्रसिद्ध गायकांनी काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन लागले होते. रेडिओवर त्यांचे गाणे ऐकत ऐकतच माझे वडील भजन शिकले. म्हणून मी वडिलांना आमच्या कापडे गावाहून एसटीने घेऊन आलो.

चित्रे बघून झाल्यावर ते हॉलमधल्या खुर्चीवर ऐसपैस बसले.

“बाबा, इथं गाणं नसतं. नुसती चित्रं असतात.”

“गवई हाय आन गाणार नाय? बुवा काय आल्याआल्या गातो रे? माणसं जमू दे.”

माणसे येत होती, चित्रे बघून जात होती. शेवटी दारावरच्या बाई म्हणाल्या, “काका, बंद करायचंय.” वडील त्यांनाच समजावू लागले, “आमी गप बसतो. त्यांना सावकाश येऊ दे.” हात धरून मी त्यांना स्टँडवर आणले.

घरी गेलो की ते अजून विचारतात, “परत कदी जायाचं रे?” आणि मला आता कॉलेजातल्या सरांकडून कळले आहे, की घशाच्या ऑपरेशनमध्ये त्या गायकांचा आवाज गेला, आणि त्यानंतरच ते चित्रे काढू लागले.