कडकताईच्या बोटांची रजा

तिला सगळे कडकताई म्हणत. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई रागीट असणार. रागीट ती होतीच, पण नाव पडलं होतं खळीमुळे. तिच्या लॉन्ड्रीतून आलेला शर्ट घातला की माणसाला मान वळवायची सोय राहत नसे. मागून कुणी हाक मारली तर अख्खं वळावं लागे. बावीस वर्षं ती धूत होती, ब्लीच करत होती, खळ घालत होती, इस्त्री फिरवत होती. आणि तिचा नवरा? तो गठ्ठे सायकलवर लादून घरोघरी पोचवायचा. ही वाटणी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात झाली, आणि पुढे ती कधी बदलली नाही. अधूनमधून नवरा म्हणायचा, "इस्त्रीचं काय गं, एका जागी उभं राहायचं. चढावर सायकल मारून बघ एकदा!" ती कापडावर पाणी शिंपडायची आणि तापलेली इस्त्री टेकवायची. चर्र आवाज व्हायचा. तेवढंच तिचं उत्तर.

आता अशा बाईला शिक्षिका व्हायचं होतं! कपडे न्यायला आलेली शाळकरी पोरं अपूर्णांकांच्या नावानं रडायची, तेव्हा ती गिऱ्हाइकाचीच चादर उलगडायची. एक घडी, झाली अर्धी. दुसरी घडी, पाव. पोरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडायचा, आणि तो बघून हिला जे वाटायचं ते तिला बावीस वर्षांत पांढऱ्याशुभ्र कपड्यांकडे बघून कधी वाटलं नव्हतं. मग खळीच्या डब्याला पुस्तक टेकवून तिनं राहिलेलं शिक्षण पुरं केलं. पुस्तकाची पानं कडक झाली, पण पदवी मिळाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी अध्यापक विद्यालयात प्रवेशही मिळाला. वर्गातल्या बाविशीतल्या मुली पहिल्या दिवशी तिला पाहून उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, शिकवणाऱ्या बाई आल्या.

पाच महिने झकास गेले. मग प्राचार्यबाईंनी सांगितलं की तीन आठवड्यांनी खऱ्या शाळेत पाठ घ्यायचे आहेत आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला असल्याशिवाय शाळेच्या फाटकातून कुणालाही आत सोडणार नाहीत. दाखला नाही आला तर नाव कमी.

"लेकरांचा प्रश्न आहे, तपासायलाच हवं," कडकताई म्हणाली. तिला कसली धास्ती? पण एक होतं. प्रवेशाला पंचेचाळीस वर्षांची अट होती आणि पुढच्या महिन्यात तिला पंचेचाळीस पूर्ण होत होती. यंदा नाव कमी झालं की कायमचं.

अर्ज भरायला तिला दोन दिवस लागले. 'अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता का?' या रकान्यात तिनं 'कडकताई' लिहिलं. 'शेजाऱ्यांशी कधी वाद झाला आहे का?' याला तिनं जादा कागद जोडला. नवऱ्यानं डोक्याला हात लावला. "अगं, नाही म्हणून मोकळी हो!" पण ही कसली ऐकते! पाण्याच्या नळावरून झालेली भांडणं तारखेसकट लिहिली तिनं, आणि प्रत्येकापुढे चूक कुणाची तेही.

चौकशीला पोलीस आला तो नेमका ज्या शेजारणीशी जास्तीत जास्त भांडणं झाली होती तिच्याकडे. शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई तोंडाळ आहे. पण माझ्या सुनेची कानातली खिशात राहून गेली, ती हिनं पुडी करून परत पाठवली. पुढे हूं नाही की चूं नाही. लिहा, सोन्यासारखी आहे म्हणून. आणि नळाचं लिहिलंय ना, त्यात चूक तिचीच होती." पोलिसानं सगळं लिहून घेतलं.

राहिले बोटांचे ठसे. ठसे घेणारे साहेब एका लांबट खोलीत काचेचं यंत्र घेऊन बसायचे. हिरवा दिवा लागला की ठसा आला, लाल लागला की नाही. अर्जदाराबरोबर घरातलं एक माणूस साक्षीदार म्हणून लागे आणि त्याचाही अंगठा घेत. नवऱ्यानं अंगठा ठेवला. हिरवा!

"बघा, एका फटक्यात," तो छाती काढून म्हणाला.

कडकताईनं अंगठा ठेवला. लाल. तर्जनी, लाल. दहाच्या दहा बोटं झाली, पुन्हा पुसून झाली, पुन्हा लाल. साहेबांनी तिचा हात भिंगाखाली धरला. बोटांवर रेष अशी नव्हतीच. सोडा, ब्लीच आणि वाफेनं सगळं घासून गुळगुळीत केलं होतं.

"ताई, रेकॉर्डवर तुम्ही आहात असं दाखवायला काहीच नाही."

"अहो, मी तुमच्यासमोर बसलेय की!"

"ते मला दिसतंय. यंत्राला दिसत नाही."

नवरा फिदीफिदी हसला. "म्हणजे बावीस वर्षं मी कुणाबरोबर संसार करतोय?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भांडणात सुद्धा कधी त्यानं ते पाहिलं नव्हतं.

साहेब माणूस भला होता. त्यांनी उपाय सांगितला. पंधरा दिवस हातांना पूर्ण विश्रांती. पाणी नाही, साबण नाही, इस्त्री तर नावही काढायचं नाही. सकाळ-संध्याकाळ तेल चोळा. कातडी नवी येते, रेषा उमटतात. मग दोघांनी यायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं.

घरी येताच सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. लॉन्ड्रीच्या दारात खुर्ची टाकली, त्यावर सुनेला बसवलं, हातांत तेलाचे मोजे चढवले आणि समोर दुसरी खुर्ची टाकून स्वतः पहाऱ्याला बसल्या. कडकताईनं नुसता साबणाच्या बुडबुड्यांकडे डोळा लावला तरी सासूबाई ओरडायच्या, "हात वर!" गिऱ्हाइकं दचकून हात वर करायची.

आणि इस्त्रीमागे कोण? नवरा! एका जागी उभं राहायचं काम ना ते? पहिल्या दिवशी त्यानं चार कॉलरी करपवल्या. दुसऱ्या दिवशी एका वकिलाच्या पॅंटला एका पायावर तीन घड्या पडल्या; वकील ती घालून गेले आणि कोर्टात लोक त्यांच्या डाव्या पायाकडेच बघत राहिले. तिसऱ्या दिवशी ब्लीचचं प्रमाण चुकलं आणि अख्खा निळा गठ्ठा ढगाळ झाला. कडकताई खुर्चीतून सूचना द्यायची. "वाफ जाऊ दे आधी! अहो, बाही आतून! आतून म्हणते मी!" हातावर हात धरून बसणं काय असतं ते तिला जन्मात पहिल्यांदा कळत होतं, आणि ते इस्त्रीहून जड होतं. कापड सुरकुतलेलं दिसलं की तिची बोटं मोज्यातल्या मोज्यात वळवळायची.

आठव्या दिवसापासून नवरा बोलेनासा झाला. चढाचं नावच नाही. जेवताना तो चमचा दोन बोटांत कसाबसा धरायचा आणि कुणी बघितलं की हात मांडीखाली घ्यायचा. "दुखतंय का?" तिनं विचारलं. "छे! एका जागी उभं तर राहायचं," तो म्हणाला आणि ताटात बघत राहिला.

पंधराव्या दिवशी तिघंही गेले. पाठ दुसऱ्या दिवशी सुरू होणार होते, तेव्हा आज नाही तर कधीच नाही. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं सुनेचे मोजे काढले. कडकताईनं श्वास रोखून अंगठा टेकवला. हिरवा. तर्जनी, हिरवा. सगळी बोटं फुटाण्यासारखी पटापट हिरवी झाली. ती इतक्या मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाली की बाहेरची रांग आत डोकावली.

"आता साक्षीदार," साहेब म्हणाले.

नवऱ्यानं अंगठा ठेवला. लाल. पुसला, पुन्हा ठेवला. लाल. साहेबांनी त्याचा हात उलटा केला. अंगठ्यावर फोड येऊन फुटला होता, बोटांची टोकं सोलवटून नुसती चकचकीत झाली होती.

"यांची ओळख पटत नाही," साहेब म्हणाले. "साक्षीदार नसेल तर अर्ज पुढे जात नाही."

कडकताईनं तो हात आपल्या नव्या-कोऱ्या बोटांत घेतला. इतके दिवस तो मांडीखाली का होता ते तिला आता कळलं. "मला पटतेय," ती म्हणाली. नवरा हळूच म्हणाला, "अगं, चढ बरा होता गं. शपथ घेऊन सांगतो."

सासूबाई मात्र एव्हाना पुढे सरसावल्या होत्या. त्यांनी दोघांना बाजूला सारलं आणि काचेवर अंगठा दाबला. हिरवा!

"आजी, तुम्ही ह्या ताईंना किती वर्षांपासून ओळखता?" साहेबांनी रीतसर विचारलं.

म्हातारीनं सुनेच्या उघड्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बावीस वर्षं माझ्या घरात आहे. पण हिचे हात मी ह्या पंधरवड्यातच बघितले. लिहा तसं." साहेबांनी 'बावीस वर्षे' लिहिलं आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकाऊ शिक्षकांचा पांढरा कोट खुंटीवर तयार होता. नवऱ्यानं पहाटे उठून, अंगठ्याला चिंधी बांधून इस्त्री केली होती. एका बाहीला दोन घड्या आणि कॉलर डावीकडे कललेली. कडकताईचा हात सवयीनं इस्त्रीकडे गेला. तिनं तो मागे घेतला, कोट तसाच घातला आणि काखोटीला एक चादर मारून निघाली.

शाळेच्या फाटकावर दाखला बघून तिला आत सोडलं. वर्गात पहिल्या बाकावरची एक चिमुरडी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"बाई, तुमची कॉलर वाकडी आहे."

"आहे ना?" कडकताई म्हणाली. "आमच्या ह्यांनी केलीय." मग तिनं चादर उलगडली आणि दोन टोकं त्या मुलीच्या हातात दिली.