बोट दाखवलेली जागा

बायको गेल्यावर माझ्या घरी आपणहून येणारं एकच माणूस उरलं होतं, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या कातकरी वस्तीवरची म्हातारी. ती माझ्याच वयाची, पण मी तिला म्हातारी म्हणतो आणि स्वतःला अजून मास्तर. कधी ओढ्यातल्या कुर्ल्या, कधी रानात खणलेले करांदे, कधी बाटलीत मध घेऊन ती यायची, घरासमोरच्या खळ्यात बसून कोरा चहा प्यायची आणि जायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. पण ती आली की त्या दिवशी विसळायला दोन कप असायचे, आणि मला तेवढं पुरायचं.

किनाऱ्यापासून हायवेपर्यंत नवा रस्ता व्हायचा होता. त्याने पर्यावरणाचं काय बिघडेल याचा अहवाल करायला एक बाई आल्या. वाटेतल्या आदिवासींनाही विचारायचं होतं, पण वस्तीवरचे लोक त्यांच्याशी बोलेनात. गावात कुणीतरी माझ्याकडे बोट केलं, आणि मी फुगलो. अख्खी नोकरी मुकी पोरं बोलती करण्यात गेली होती माझी. मला काय कठीण?

म्हातारी माझ्याबरोबर रस्त्याच्या आखणीवरून चालली. मधाची पोळी कुठे लागतात, करांदे कुठे मिळतात, मे महिन्यात पाणी कुठल्या डबक्यात टिकतं, सगळं ती सांगत होती आणि मी बाईंनी दिलेला फॉर्म भरत होतो. किंजळीच्या झाडांखाली एक सपाट जागा लागली.

"हय काय आसा गो?" मी विचारलं.

ती माझ्याकडे पाठ करून खाली बसली. "दमलंस काय?" म्हटलं, तरी उत्तर नाही. ऊन मी म्हणत होतं, पोटात कावळे ओरडत होते. दफनभूमी आणि श्रद्धास्थानांच्या रकान्यात मी 'काही नाही' लिहिलं आणि खाली सही ठोकली. शाळेत गप्प बसणाऱ्या पोराला मी शून्यच देत आलो होतो.

जनसुनावणीच्या आदल्या दिवशी तिची सून दारात उभी राहिली.

"मास्तरानु, किंजळीखाली आमची माणसा पुरलेली आसत. माझो सासरोय, म्हातारीचो घोव, थंयच आसा."

"मगे म्हातारी बोलूक नाय ती?"

"ती सांगूची नाय. त्या जागेक बोट दाखवूचा नसता आमच्यात."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडपात सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बाईंचा अहवाल वाचायला घेतला. 'दफनभूमी: नाही' हे शब्द आले तसा मी उठलो. "साहेब, ती चूक माझी आहे. तिथे या लोकांची माणसं पुरलेली आहेत." साहेब सभ्य होते. म्हणाले, "गुरुजी, नकाशावर नेमकी जागा दाखवा, म्हणजे तशी नोंद घेता येईल." मी वस्तीच्या माणसांकडे पाहिलं. सगळे खाली मान घालून बसलेले. म्हटलं, बोट दाखवायचं नाही ते यांनी. मी कुठे कातकरी आहे? आणि भरसभेत मी नकाशावर त्या जागेवर बोट ठेवलं. मागून कुणीतरी शाबासकी दिली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

आखणी खरंच सरकली. किंजळी वाचल्या. म्हातारी मात्र माझ्या खळ्यात आली नाही. पावसाळा संपला, करांद्यांचे दिवस आले आणि गेले. चहा टाकताना हात दोन कपांचं पाणी घ्यायचा आणि मी स्वतःवरच चिडायचो. दिवसचे दिवस माझा आवाज मला ऐकू यायचा तो फक्त कोंबड्या हाकलताना. एकटेपणाची सवय होते म्हणतात. म्हणणारे भरल्या घरात राहतात.

शेवटी मीच वस्तीवर गेलो. म्हातारी दारात टोपली विणत होती. रस्ता सरकल्याचं मी जरा ऐटीतच सांगितलं.

"ता बरा झाला, मास्तरानु," ती म्हणाली. "थंय आता रस्तो येवचो नाय. पण आमीय आता थंय कोणाक ठेवचे नाय. जागा दाखवून झाली."

"बोट मी दाखवलंय. तुमी खंय दाखवल्यात?"

"बोट कोणाचाय असो." तिने एक काडी दातांनी ओढून घट्ट केली. "माका घोवाच्या शेजारी निजूचा होता."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला माफी तरी मागता आली असती.