चव रजिस्टर

आज शाळेत खिचडी तळाला लागली. तो करपट वास नाकात शिरला आणि मी थेट मुकुटबनजवळच्या आमच्या जुन्या शाळेत, सहावीच्या पंगतीत जाऊन बसले.

त्या दिवशी माझ्या ताटात किडे निघाले होते. ताट घेऊन मी गुरुजींकडे गेले. "तांदूळ दिल्लीहून येते, पोरी. मी काय करू?" खिचडी शिजवणाऱ्या शांताबाईंना विचारलं, तर त्या खेकसल्या, "मले काहून इचारते? डाळ-तेल मुंबईचं. माह्यं फक्त सरपण."

मुलांआधी शिक्षकांनी खिचडी चाखायची आणि चव रजिस्टरवर सही करायची, असा नियम. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. 'चव उत्तम', खाली गुरुजींची सही. शेजारचा चमचा मात्र कोरडा ठणठणीत.

दुपारी वर्गात गुरुजींनीच विचारलं, "संघराज्य म्हणजे काय?" अधिकारांची वाटणी, असं मी घडाघडा म्हटलं. पण तेव्हापासून सही दिसली की मी आधी चमचा शोधते.

आता नागरिकशास्त्र मीच शिकवते. आजची सही करून वर पाहिलं, तर दारात सहावीतली एक मुलगी ताट घेऊन उभी. ती माझ्या कोरड्या चमच्याकडे बघत होती.