तुकडाकाकीचं मशीन

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माणसावर कसं लिहायचं हे घरी कुणाला विचारता आलं नाही. आमच्या पाम गावच्या तुकडाकाकीला माझ्यापेक्षा जवळून ओळखणारे पुष्कळ आहेत. त्यांना यात काही उणं वाटलं तर त्यांनी मला सांभाळून घ्यावं.

काकी भेटली की आधी तोंडाकडे बघायची नाही. तुमची बाही चिमटीत धरून चोळायची आणि मग विचारायची, "बरा हाय ना?" शर्ट विरलेला असला की खूश. "टाकू नको हां, मला दे." असल्या जुन्या कपड्यांचे तुकडे कापून ती गोधड्या शिवायची. नव्या कापडाची गोधडी तिला पटत नसे. "नवा कापड अंगाला ओळखत नाय," म्हणायची.

मग तिच्या उजव्या हाताची बोटं आखडू लागली. पायमशीनवर शिवणं जमत होतं, पण कात्री दाबली की अंगठा अडकून बसायचा. पालघरच्या डॉक्टरांनी कात्री बंद करायला सांगितली. सून म्हणाली, "आई, आता बस झालं. लोक मला बोलतात, सासूला राबवते म्हणून."

"मंग मी काय करू? दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाह्या चोळू?" काकी म्हणाली. मला हसू आलं, पण ती हसली नव्हती.

मीच मग मोबाईलवर कापड कापायची मशीनं शोधली. पाती बसवलेल्या पाटावर कापड पसरायचं, वर प्लास्टिकचा जाड तक्ता ठेवायचा आणि सगळं दोन रुळांमधून सरकवायचं, की चौकोन तयार. एक मशीन विजेचं होतं, दुसरं हाताने फिरवायचं. तिचा त्रास वाचावा म्हणून मी विजेच्या मशीनच्या बाजूचा होतो.

बोईसरच्या दुकानात काकीने पिशवीतून जुनं लुगडं काढलं. विरलेलं कापड रुळात ओढलं जाऊन वाकडं कापेल अशी तिला धास्ती, म्हणून भाताची पेज लावून तिने ते कडक वाळवून आणलं होतं.

"मौसी, ये पापड है क्या?" दुकानदार म्हणाला.

"पापड नाय रे, सासूचा लुगडा हाय. ती पण अशीच कडक होती."

विजेच्या मशीनमधून चौकोन अगदी सरळ आले. काकी बघत राहिली. "झालं पण? मी तर हातच नाय लावला."

हाताच्या मशीनचं हॅण्डल उजव्या अंगाला होतं. "ये आपसे नहीं होगा, राइट हँड चाहिए," दुकानदार म्हणाला. काकी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, पाट त्या बाजूने आत घातला आणि डाव्या हाताने हॅण्डल धरलं. "मशीनचा तोंड तिकडं, तर मी पाठीमागून येते." खांद्यापासून जोर लावून तिने ते हळूहळू फिरवलं. एका चौकोनाचा कोपरा तिरका गेला.

मी हळूच म्हटलं, "काकी, विजेचं घे. हा हातपण दुखेल."

"दुखू दे. बटन दाबायला मी कशाला पायजे?"

हाताचंच घेतलं. रिक्षात तिने ते मांडीवर ठेवलं. मी धरतो म्हटलं तर देईना.

पुढे शिकायला मी नाशिकला निघालो, तेव्हा तिने मला गोधडी दिली. मधोमध दुकानातला तो तिरका चौकोन होता. "तो फेकवला नाय," एवढंच म्हणाली. माझी बाही मात्र सोडेना.

परवा आईचा फोन आला. परीक्षा चालू होती म्हणून तिने आधी कळवलं नव्हतं. "तुकडाकाकी गेली रे. दुपारी मशीनजवळच बसली होती. पाट अर्धा आत, अर्धा बाहेर. तेरावा होईपर्यंत कोणी हात नाय लावला. मंग सुनेने हॅण्डल फिरवून पाट बाहेर काढला."

"चौकोन नीट आले?" मी विचारलं.

"आले," आई म्हणाली. "सून आता दुसरा कापड लावते."