भिंतीकडे तोंड करून ऐकणारे

अमरावती-अकोल्याच्या आमच्या संघात पियानो शिकवणारे तेरा जण आहेत आणि पियानो एक आहे. घरी सगळे की-बोर्डवरच शिकवतात आणि दारावरच्या पाटीवर ‘पियानो क्लास’ लिहितात. माझ्याही पाटीवर तेच आहे. यात कुणी कुणाला फसवत नाही. पालकांना माहीत असतं, मुलांना तर पहिल्याच दिवशी कळतं. पण संघ सुरू झाला तेव्हाच सगळ्यांनी ठरवलं होतं, की दरवर्षी निदान एका मुलाला तरी खऱ्या पियानोवर बसायला मिळालं पाहिजे.

तो एक पियानो अकोल्यात, जठारपेठेत अध्यक्षबाईंच्या घरी पुढच्या खोलीत असतो. निवडलेल्या मुलाला वर्षभर दर रविवारी सकाळी तीन तास तो वाजवायला मिळतो, शेजारी बसून अध्यक्षबाई शिकवतात. आम्ही याला ‘रविवार मिळणं’ म्हणतो. वर्षातून तीन बैठका पुस्तकं, परीक्षा आणि पोहे यांत जातात. चौथी बैठक रविवार कुणाला द्यायचा, याची.

निवडीची रीत अशी. बारा खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडतात. शिक्षक त्यांवर बसतात, मूल त्यांच्या पाठीमागे वाजवतं. कोण वाजवतं आहे, कुणाकडे शिकलं आहे, हे कुणाला दिसत नाही. मुलांना फक्त क्रमांक असतो. मुलाकडे तोंड करून बसते ती एकटी सचिव, म्हणजे गेली सात वर्षं मी. मी क्रमांक पुकारते, घड्याळ बघते, आणि म्हणून मला गुण द्यायचा अधिकार नाही. एका वर्षी एक सर आपल्या विद्यार्थ्याच्या वेळी दोनदा खोकले, असा संशय आला. तेव्हा मी एक नियम लिहिला: मूल कुणाचं आहे हे गुण देण्याआधी उघड झालं, तर ते मूल त्या वर्षी बाद. सगळ्यांनी सह्या केल्या.

या वर्षी नऊ मुलं होती. त्यांतली एक माझी.

ती आठवीत आहे. चार वर्षांपासून माझ्याकडे येते. तिची आई घरी शिवणकाम करते, घरी की-बोर्ड नाही. म्हणून ती आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी माझ्याच घरी सराव करते, दर वेळी चाळीस मिनिटं. तिचा कान वेगळा आहे. एकदा तिने सांगितलं, की आमच्या कुकरची शिट्टी आणि शेजाऱ्यांच्या दारावरची बेल एकाच सुरात आहेत. ती गेल्यावर मी दोन्ही लक्ष देऊन ऐकलं. मला काही समजलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, हो, खरंच की.

पुढच्या वर्षी तिची नववी, त्यानंतर दहावी. दहावीच्या वर्षात दर रविवारी अकोल्याला जायला तिची आई पाठवणार नव्हती, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा रविवार मिळायचा तर याच वर्षी.

प्रजासत्ताक दिनाच्या तालमीवरून परत आली तेव्हा ती म्हणाली होती, की शाळेतली पेटी खाली बोलते. मी म्हटलं, जुनी असेल, भात्यात धूळ गेली असेल. ती म्हणाली, सगळेच सूर सारखेच खाली आहेत. मी तेव्हा भाजी निवडत होते. मी म्हटलं, सरावाला बस.

बैठकीच्या दिवशी आम्ही तिघी, ती, तिची आई आणि मी, बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने निघालो. मी क्रमांकाच्या चिठ्ठ्या तीनदा मोजल्या. नऊच होत्या. मूर्तिजापूर येईपर्यंत पाण्याची बाटली दोनदा उघडली आणि न पिता बंद केली. कशाची काळजी वाटते आहे ते सापडत नव्हतं. ती खिडकीशी बसून मांडीवर बोटं चालवत होती. आईने विचारलं, “येते ना सगळं?” ती म्हणाली, “डोळे मिटून येते.” ते खरंच होतं.

तिचा क्रमांक सहावा होता. पहिली पाच मुलं वाजवून गेली. ती बसली, स्टूल पुढे ओढलं, पहिला स्वरमेळ दाबला आणि चटका बसावा तसे हात उचलले. माझ्या घड्याळात चौदा सेकंद गेले. तिने पुन्हा सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीत थांबली. मग तिने तोच तुकडा दोन सूर वरून सुरू केला, तिच्या कानाला जिथे हवा होता तिथून. पण बोटांना ती वाट माहीत नव्हती. जिथे पांढरी पट्टी असायची तिथे काळी येत होती. चौथ्या ओळीपर्यंत ती ठेचकाळत गेली आणि हात मांडीवर ठेवून बसली. समोर बारा पाठी होत्या. त्यांतली एकही वळली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय, ते मलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर पंधरा मिनिटं चहाची सुट्टी होती. शिक्षकांचा सूर एकच निघाला: पियानो उतरलेला आहे. एक जण म्हणाले, अकोल्याचं ऊन, लाकूड काय करणार. दुसऱ्या बाई म्हणाल्या, बाकीच्या पोरांना कळलं नाही, या सहाव्याला कळलं, पोराचा काय दोष. तिसऱ्यांनी तर सुचवलं, की पुढच्या वेळी सूर लावायला नागपूरहून माणूस बोलवा.

हे सगळं चाचांच्या समोर चाललं होतं. चाचा म्हणजे अकोल्यातले हार्मोनियम दुरुस्त करणारे गृहस्थ. संघाच्या पियानोचा सूर तेच लावतात, आणि दोनच दिवस आधी दिवसभर बसून त्यांनी तो लावला होता. ते भांडले नाहीत. खिशातून सूर तपासायचा लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि पियानोच्या लाकडाला टेकवला. मग त्याच सुराची पट्टी दाबली. दोन्ही आवाज एक झाले, एवढं मलाही ऐकू आलं.

“पियानो खाली नाही बोलून राहिला,” चाचा म्हणाले. “पोरच वर ऐकून राहिलं. जिथं शिकलं, तिथं पाहा.”

कुठे शिकली, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

मी व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. नवऱ्याला म्हटलं, की-बोर्ड चालू करा आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात काय दिसतं ते वाचा. त्यांनी चष्मा शोधला, तोवर मी व्हरांड्याच्या फरशा मोजल्या. आडव्या अकरा, उभ्या सात.

“दोन,” ते म्हणाले.

“त्याच्या आधी अधिकची खूण आहे?”

“आहे. काऊन, काय झालं?”

झालं होतं ते असं. दिवाळीनंतर गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ दर गुरुवारी सकाळी आमच्याकडे बसू लागलं. म्हणणाऱ्या बाईंचा आवाज पांढरी पाचला बसतो आणि मला पांढरी चारमधून वाजवायची सवय, म्हणजे मधली काळी पट्टी धरून दोन सूर खालून. की-बोर्डला यासाठी एक बटण असतं. आकडा दोनने वाढवला की बोटं जुन्याच जागी राहतात आणि आवाज दोन सूर वर निघतो. दर गुरुवारी बटण दाबा, मग परत खाली आणा, हे नको म्हणून मी ते कायमचं जतन करून टाकलं. माझी आणखी सहा मुलं त्याच की-बोर्डवर शिकतात. त्यांना काही झालं नाही, कारण ती बोटांनी वाजवतात. ही कानाने वाजवते.

फोन ठेवला तेव्हा सुट्टीची चार मिनिटं उरली होती. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. आमची रीतच तशी आहे, आणि ती मीच जपलेली. मुलीला कमी गुण पडले असते, किंवा कीव येऊन बरे पडले असते. चाचांच्या नावावर मात्र एक उतरलेला पियानो लागला असता. ते आत बसून अवजारं एकेक करून फडक्यात गुंडाळत होते.

मी आत जाऊन उभ्यानेच सांगितलं. क्रमांक सहा माझी विद्यार्थिनी आहे. माझ्या की-बोर्डचा आकडा दिवाळीपासून दोन वर होता. पियानो बरोबर आहे.

मग सगळे एकदम माझी बाजू घेऊ लागले, आणि ते मला जास्त जड गेलं. अशी चूक कुणाचीही होते, म्हणाले. एका सरांनी सांगितलं, की त्यांनी एकदा पूर्ण स्नेहसंमेलन एक सूर खाली वाजवलं होतं आणि प्रमुख पाहुण्यांनी ‘काय गोडवा’ म्हणून पाठ थोपटली होती. लोक हसले. मुलीला अर्धा तास पियानोवर हात बसवू द्या, मग पुन्हा ऐकू, असं सात जण म्हणाले. मी मोजले.

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “नियम तुमीच लिवला, बाई. आता तुमीच सांगा.”

बाहेर अंगणात आठ मुलं आणि त्यांचे पालक बसले होते. धारणीहून एक बाप मुलीला घेऊन पहाटेच्या जीपने निघाला होता. त्यांच्यापैकी कुणाच्या चुका शिक्षकाच्या होत्या, ते कोण तपासणार होतं? कुणाला दुसऱ्यांदा वाजवायला मिळणार नव्हतं. मी म्हटलं, क्रमांक सहा बाद.

तिच्या आईला मी अंगणात, जांभळाच्या झाडाखाली गाठून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे ते सारे तिले पुन्हा वाजवू देत होते,” ती म्हणाली, “अन् तुमीच नाही म्हटलं.”

“हो.”

“चूक तुमची अन् शिक्षा तिले.”

मी नियमाचं सांगायला लागले. ती म्हणाली, “राहू द्या,” आणि मुलीची पाण्याची बाटली पिशवीत घातली.

रविवार धारणीच्या मुलीला मिळाला. निघताना चाचा फाटकापर्यंत आले. म्हणाले, त्यांना वाटलं होतं मी बोलणार नाही. मी विचारलं, मुलगी माझी हे त्यांना माहीत होतं का? ते म्हणाले, “तुमी व्हरांड्यात फोनवर होत्या, तवा समजलं.” यात कौतुक होतं की दुसरं काही, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

परतीला बस मिळाली. त्या दोघी पुढे बसल्या, मी तीन रांगा मागे. मुलगी खिडकीला डोकं टेकून होती आणि तिचे हात ओढणीखाली होते, त्यामुळे बोटं चालताहेत की नाही ते दिसत नव्हतं. मी अमरावती येईपर्यंत तेच बघायचा प्रयत्न करत होते.

नियमाबाबत मी बरोबर होते, असं मला आजही वाटतं. आणि तरीही जांभळाखालचं ते ‘हो’ आठवलं की हातातलं काम ठेवून मी उठते, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत येते आणि कशाला आले ते विसरते.

मंगळवारी ती येणार नाही असं धरून मी चालले होते. ती आली. आई स्कूटीवर फाटकाशी थांबली, आत आली नाही. अजूनही येत नाही. मी की-बोर्डचा आकडा शून्यावर आणला आणि तो तिला दाखवला. मग वही उघडली. हजेरी मी लिहून ठेवते. मी तिला म्हटलं, दिवाळीपासून तुझे त्रेपन्न धडे झाले, ते सगळे दोन सूर वर झाले, याची मला लाज वाटते. हिशेब नेमका सांगितला की माफी नेमकी होते, असं मला वाटत असावं.

मग तिने विचारलं, “त्रेपन्न वेळा तुम्हाला ऐकूच आलं नाही, मॅडम?”

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. बटणाची चूक मी बारा जणांसमोर कबूल केली होती. ही कबूल केली नव्हती, कारण मला कुणी विचारलीच नव्हती. मी तिच्या शेजारी बसून त्रेपन्न वेळा तिची बोटं बघितली होती.

“नाही आलं,” मी म्हटलं. “कुकरचंही नव्हतं आलं.”

ती हसली नाही. तिने तो तुकडा नव्या सुरात वाजवायला घेतला, दोनदा थांबली, तिसऱ्यांदा पुढे गेली. चाळीस मिनिटं संपली तरी उठेना. मग म्हणाली, “तुम्ही तिकडे तोंड करून बसा.”

तेव्हापासून शेवटची दहा मिनिटं माझी असतात. मी खुर्ची भिंतीकडे वळवते. ती माझ्या पाठीमागे एक पट्टी दाबते आणि कोणती ते मी सांगते. सुरुवातीला एक सूर ती देते, त्यावरून पुढचे ओळखायचे. बरोबर-चूक ती माझ्याच वहीत लिहिते, हजेरीच्या शेजारी. ती दयामाया दाखवत नाही. मी अडखळले की गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यात मला भिंतीवरची खिळ्याची जुनी भोकं मोजावीशी वाटतात, पण मोजायला लागले की सूर निसटतो. बाहेर स्कूटीचा हॉर्न एकदा वाजतो. “अजून चार राहिले,” ती म्हणते.

पहिल्या दिवशी वीसपैकी सात. काल अकरा.